सत्कार नको म्हणणाऱ्यांना आणि सत्कारच हवा म्हणणाऱ्यांना

भुसावळपासून नवापूरपर्यंत विखुरलेल्या आमच्या आत्मिक मार्गदर्शनाच्या ख्रिस्ती मंडळात सध्या एका गोष्टीवरून तट पडले आहेत. ज्यांनी वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे दुसऱ्यांचे ऐकण्यात घातली, त्या ज्येष्ठांचा सत्कार करावा की नाही? एका गटाचे म्हणणे असे की सभागृह घ्यावे, शाल द्यावी, मानपत्र वाचावे, चौकात फलक लागावा. बाकीचे समाज आपापल्या माणसांचे करतात, मग आपणच मागे का राहावे? दुसरा गट म्हणतो, काम प्रभूचे, गौरव प्रभूचा, त्यात माणसाचे नाव आणणे हाच अपराध. दोन्हीकडून वचने काढली जातात, आवाज चढतात, आणि ज्यांच्याबद्दल हे सगळे चालले आहे त्यांना कोणी काही विचारतच नाही.

माझे मत आधीच सांगते. या माणसांचा सन्मान झाला पाहिजे, आणि तो त्यांच्या हयातीत झाला पाहिजे. तो टाळण्याला नम्रता म्हणणे म्हणजे घेतलेले ऋण बुडवून वर त्याला सद्गुणाचे नाव देणे होय. पण समितीने हजेरीची वर्षे मोजून पुरस्कार वाटावेत, हा त्या सन्मानाचा प्रकार नव्हे. ज्यांचे ऐकले गेले त्यांनी स्वतःच्या तोंडाने, स्वतःपुरते, मंडळीसमोर, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांसमोर, ते ऋण मान्य करावे, आणि मंडळीने त्या ज्येष्ठांच्या पुढच्या दिवसांची काळजी घ्यावी. शाल-मानपत्राच्या कार्यक्रमात यातले एकही घडत नाही, आणि विरोध करणाऱ्यांच्या मार्गानेही दोन्ही गोष्टी राहूनच जातात.

मुळात दोन्ही गट हे काम उपदेशासारखे किंवा समाजसेवेसारखे धरून बोलतात, तिथेच घोळ होतो. पाळकाचा उपदेश सगळी मंडळी ऐकते. दवाखाना दिसतो, शाळा दिसते, वसतिगृहातून शिकून गेलेली मुले दिसतात. आत्मिक मार्गदर्शनात दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. महिन्यातून एकदा, तासभर, दोन माणसे समोरासमोर बसतात. एक आपल्या प्रार्थनेबद्दल, घराबद्दल, रागाबद्दल, कोरडेपणाबद्दल बोलतो. दुसरा ऐकतो. तो उपदेश करत नाही, वचनांचा मारा करत नाही, घाईने सल्लाही देत नाही. फार तर एखादा प्रश्न विचारतो: या सगळ्यात देव तुला कुठे भेटला? कुठे भेटला नाही असे वाटले? रात्रपाळीने खचलेली परिचारिका, ऊसतोडीला नाहीतर सुरतेला गेलेल्या मुलाचा फोन महिनोन्‌महिने न आलेली आई, दर रविवारी व्यासपीठावर उभा राहणारा पण एकट्याने गुडघे टेकल्यावर शब्द न फुटणारा तरुण पाळक, अशी माणसे तिथे येतात. जे बोलले जाते ते त्या खोलीबाहेर जात नाही. त्याचे इतिवृत्त नसते, छायाचित्र नसते, अहवाल नसतो.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या ज्या साधनापुस्तिकेला पोप तिसरे पॉल यांनी 1548 मध्ये मान्यता दिली, तिच्या सुरुवातीच्याच सूचनांत मार्गदर्शकाला बजावले आहे की त्याने तराजूच्या काट्यासारखे मधोमध राहावे, या बाजूला किंवा त्या बाजूला झुकू नये, निर्माणकर्त्याला आणि त्याने निर्मिलेल्या माणसाला थेट एकमेकांशी व्यवहार करू द्यावा. म्हणजे काम नीट झाले याची खूणच ही की करणारा मधून बाजूला झाला. सत्काराला विरोध करणाऱ्यांनी हे नेमके हेरले आहे आणि त्यांचे बरोबर आहे. पण यातून पुढे काय निघते ते त्यांनी पाहिले नाही. ज्या कामाला प्रेक्षक नाही, कागद नाही, त्याचा जगात एकच साक्षीदार असतो, ज्याचे ऐकले गेले तो. तो गप्प बसला तर ते काम झालेच नाही, असे ठरते. पाळकाच्या कामाची आठवण मंडळीकडे असते, शिक्षकाच्या कामाची शाळेकडे. ऐकणाऱ्याच्या कामाची आठवण फक्त एकेका माणसाकडे असते. मग त्या एकेका माणसाने बोलायचे नाही, असा नियम करणारे आपण कोण?

आता बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाकडे येऊ, कारण विरोधाचा सगळा भार त्यावर आहे. लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, पुढे कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू देऊ नका. याला उत्तर नाही, आणि ते शोधूही नये. ज्येष्ठांपैकी कोणी स्वतःच्या सत्काराची खटपट करत असेल तर हे वचन त्याच्याचसाठी आहे. पण ते कोणाला उद्देशून आहे ते तर वाचा. ते देणाऱ्याला सांगितले आहे. घेणाऱ्याने तोंड मिटून घरी जावे, असे त्यात कुठे आहे? घेणाऱ्याबद्दल येशूला काय वाटत होते ते लूकच्या सतराव्या अध्यायात आहे. दहा कुष्ठरोगी बरे झाले, एकच मोठ्याने देवाचे गौरव करत परत आला आणि पायांवर पडून आभार मानू लागला. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? गंमत नव्हे, त्याच अध्यायात काही ओळी आधी ‘आम्ही निरुपयोगी दास आहोत, आमचे कर्तव्य होते ते केले’ असे म्हणायला शिकवणारा दृष्टान्त आहे. दासाने स्वतःबद्दल काय म्हणावे आणि बऱ्या झालेल्याने काय करावे, हे दोन वेगळे धडे एकाच पानावर शेजारी शेजारी आहेत. आम्ही एक पाठ करतो आणि दुसऱ्यावरून नजर फिरवतो.

कोणी म्हणेल, तो आभार प्रभूचा होता, माणसाचा नव्हे. मग प्रेषित पौलाचे काय करायचे? रोमकरांस लिहिलेल्या पत्रात देवाच्या कृपेवर इतके खोल लिहून झाल्यावर शेवटच्या अध्यायात तो पंचवीसएक नावे घेतो. किंख्रियातल्या मंडळीची सेविका फिबी पुष्कळांना साहाय्य करणारी झाली, त्यालाही. प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्या जिवासाठी आपला जीव धोक्यात घातला. मरीयेने तुमच्यासाठी पुष्कळ श्रम केले. पर्सिस, त्रुफैना, त्रुफोसा यांनी प्रभूमध्ये श्रम केले. रूफसाची आई, जी पौलाचीही आई झाली. ही आई पौलासाठी काय करत होती? जेवायला घालत होती, आजारपण काढत होती, की त्याचे ऐकून घेत होती? आपल्याला माहीत नाही, पण तिचे देणे त्याने सगळ्या रोमच्या मंडळीसमोर मान्य केले आणि ते पत्र मोठ्याने वाचले जाणार हे त्याला ठाऊक होते. इतकेच काय, पत्र ज्याच्या हाताने उतरले गेले त्या तर्तियालाही आपले नाव घालायला जागा मिळाली. फिलिप्पैकरांना तर तो स्पष्ट आज्ञाच करतो की एपफ्रदीतासारख्यांना मान द्या. कृपेचे इतके मोठे शास्त्र मांडणाऱ्याला माणसांची नावे घेतल्याने देवाचे गौरव कमी होईल अशी भीती वाटली नाही. आम्हाला का वाटते?

त्या यादीतली एक गोष्ट सत्कार समितीनेही ध्यानात घ्यावी. पौल विशेषणे फार थोडी वापरतो. कोणी काय केले तेवढे सांगतो. ‘थोर’, ‘तपस्वी’, ‘संतवृत्तीचे’ असले काही नाही. बेथानीत येशूच्या मस्तकावर जटामांसीचे तेल ओतणाऱ्या स्त्रीबद्दलही मार्कमध्ये वचन आहे ते असे की जगात जिथे जिथे सुवार्ता सांगितली जाईल तिथे तिने जे केले तेही सांगितले जाईल. मार्कने तिचे नावही दिलेले नाही. सांगायचे आहे ते कृत्य. यापोत टबीथा मरण पावल्यावर विधवांनी पेत्राला काय दाखवले? तिने त्यांच्यासाठी शिवलेले अंगरखे आणि कपडे. तिची स्तुती केल्याचे लिहिलेले नाही. आमची मानपत्रे याच्या अगदी उलट असतात. त्यात विशेषणे भरपूर आणि कृत्य एकही नाही. नाव बदलले तर तेच मानपत्र दुसऱ्याला चालते.

नाव नको म्हणणाऱ्यांना खानदेशच्या ख्रिस्ती इतिहासातून एक गोष्ट विचारायची आहे. पूर्वेकडे भुसावळ, चाळीसगाव या भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने आणि पश्चिमेला आदिवासी पट्ट्यात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम उभे केले. त्या काळातल्या मिशनरी साहेबांची आणि मडमांची नावे आपल्याला सापडतात. चरित्रे आहेत, अहवाल आहेत, जुन्या उपासनामंदिरांच्या भिंतींवर पाट्या आहेत. पण पायी वस्त्यांवर जाणाऱ्या, बाळंतिणीच्या खाटेशी बसणाऱ्या, सासुरवाशिणीचे दुःख ऐकून तिच्याबरोबर प्रार्थना करणाऱ्या बायबल बाया? त्या काळच्या मिशनच्या अहवालांत त्या बहुधा आकड्यांत असतात: इतक्या बायबल बाया, इतकी गावे. आज ज्याला आपण आत्मिक मार्गदर्शन म्हणतो ते खानदेशात मराठीत, अहिराणीत, मावची या आदिवासी बोलीत आधी कोणी केले असेल तर याच बायांनी. त्यांची नावे गेली ती त्या नम्र होत्या म्हणून गेली का? साहेब काही कमी नम्र होते असे नाही, त्यांचे नाव मात्र राहिले. नाव लिहिणारा ज्याच्या बाजूला बसतो त्याचे नाव राहते. म्हणून ‘नावाचे काय एवढे’ हे वाक्य ऐकले की मी आधी पाहते, ते कोण म्हणते आहे आणि कोणाबद्दल. ज्यांची नावे पाटीवर आधीच आहेत त्यांनी इतरांना निनावीपणाची थोरवी सांगू नये. आपल्या मंडळातही पाळकांचा वाढदिवस होतो, वर्धापनदिन होतो. अडते ते नेहमी निवृत्त परिचारिकेपाशी, रेल्वेतून निवृत्त झालेल्या नानांपाशी, अंगणवाडीतल्या ताईंपाशी.

आता सत्कारवाल्यांकडे वळते. त्यांनी पात्रतेची अट ठेवली आहे वीस वर्षांची. दीर्घ सेवेला किंमत आहे, हे मला मान्य. पहिल्या वर्षी कोणीही उत्साहाने ऐकतो. पंधराव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, मे महिन्याच्या उन्हात एसटी पकडून दुसऱ्याचे ऐकायला जाणे ही वेगळी गोष्ट. टिकून राहणे हेच या कामातले अर्धे काम, कारण समोरच्याचा विश्वास बसायलाच वर्षे जातात. तरीही वर्षे हे माप पुरेसे नाही, आणि हे खानदेशातल्या माणसाला सांगावे लागू नये. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे आणि तिथून जवळच मुक्ताबाईचे स्थान. परंपरा चांगदेवाला चौदाशे वर्षांचा योगी म्हणते. सिद्धी होत्या, शिष्य होते, वय तर विचारूच नका. आणि त्याला मार्ग दाखवला तो वयाने पोरसवदा असलेल्या मुक्ताबाईने. आज पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाते ती तिची. मी ख्रिस्ती आहे, पण या मातीत वाढलेली आहे, आणि आत्मिक अधिकार वर्षांनी मोजता येत नाही हे माझ्या शेजाऱ्यांना सातशे वर्षांपूर्वी कळले होते याचा मला आदर वाटतो. वीस वर्षे यादीत नाव असलेला आणि वीस वर्षे खरोखर ऐकलेला, यांत फरक करणारे यंत्र कोणत्याही समितीकडे नाही. तो फरक ज्यांचे ऐकले गेले त्यांनाच कळतो.

इथे सर्वांत अवघड आक्षेप येतो, आणि मला खेद वाटतो की आमच्या वादात तो कोणीच मांडलेला नाही. सन्मान माणसाला उंचावर बसवतो, आणि उंचावर बसलेल्याविरुद्ध तक्रार करणे अशक्य होते. जाँ व्हानिएने 1964 मध्ये फ्रान्समध्ये लार्श हा समुदाय सुरू केला, मतिमंद म्हणून टाकलेल्या माणसांसोबत एका घरात राहण्याचा. जगभर त्या समुदायाची घरे झाली, भारतातही झाली. 2015 मध्ये त्याला टेम्पल्टन पुरस्कार मिळाला. 2019 मध्ये तो वारला तेव्हा लोक त्याला जिवंतपणीच संत झालेला म्हणत होते. 2020 च्या फेब्रुवारीत त्याच्याच संस्थेने स्वतःहून नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला. आत्मिक मार्गदर्शनासाठी आलेल्या स्त्रियांचे त्याने वर्षानुवर्षे लैंगिक शोषण केले होते. पहिल्या अहवालात अशा सहा स्त्रियांचे अनुभव होते, नंतरच्या तपासात ही संख्या आणखी बरीच वाढली. बंद खोली, दोनच माणसे, गुप्ततेचे वचन, आणि समोर सगळ्या जगाने पूजलेला माणूस. अशा वेळी ती स्त्री कोणाकडे जाणार होती? तिच्यावर कोण विश्वास ठेवणार होते?

हा आक्षेप टाळून सन्मानाची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. मला तो पूर्ण मान्य आहे. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जाईल, की म्हणून कोणाचाच सन्मान नको, तो मला पटत नाही. व्हानिएला कोणी आभार मानल्यामुळे बळ मिळाले नव्हते. बळ मिळाले ते प्रश्न विचारण्याच्या पलीकडे नेऊन ठेवल्यामुळे. संतपदाची भाषा माणसाच्या स्वभावाबद्दल बोलते आणि त्याला संपूर्ण निर्दोष ठरवते. ‘माझा नवरा गेल्यानंतरच्या वर्षी या बाईंनी माझा राग ऐकून घेतला आणि देवावर रागावू नकोस असे एकदाही म्हटले नाही’ ही भाषा एका घटनेबद्दल बोलते आणि त्यापलीकडे काही कबूल करत नाही. पहिल्या भाषेने तक्रारीचे दार बंद होते, दुसऱ्या भाषेने होत नाही. म्हणूनच फलक, मोठे छायाचित्र आणि ‘आमचे दीपस्तंभ’ या प्रकाराला माझा विरोध आहे. तो केवळ दिखाऊ आहे म्हणून नाही, धोक्याचा आहे म्हणून. आणि सन्मानाबरोबर हेही त्याच दिवशी सर्वांसमोर सांगितले जावे की ज्येष्ठ मार्गदर्शकसुद्धा आपल्या कामाबद्दल कोणा दुसऱ्या अनुभवी व्यक्तीशी नियमित बोलतात, आणि कोणाला त्रास झाला तर त्याने कोणाकडे जायचे. जो खरोखर वर्षानुवर्षे नीट ऐकत आला त्याला या घोषणेचा अपमान वाटणार नाही. वाटला, तर तेही कळलेले बरे.

मग योग्य सन्मान कसा असतो? मायोर्का बेटावरच्या एका जेझुइट महाविद्यालयात अल्फॉन्सस रोड्रिगेझ नावाचा दारवान होता. आधी सेगोव्हियात लोकरीचा व्यापारी. बायको गेली, मुले गेली, धंदा बसला. चाळिशीला टेकलेला असताना, 1571 मध्ये, तो संघात बंधू म्हणून आला. धर्मगुरू होण्याइतके शिक्षण नव्हते. मग चाळीसहून अधिक वर्षे त्याने दार उघडले, निरोप दिले, पाहुण्यांना बसवले. विद्यार्थी त्याच्याशी बोलत बसत. त्यांतला एक पीटर क्लेव्हर. अल्फॉन्ससच्या प्रोत्साहनाने तो 1610 मध्ये दक्षिण अमेरिकेत कार्ताहेनाला गेला आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या जहाजांत उतरून चार दशके त्यांची सेवा करत राहिला. अल्फॉन्ससच्या वरिष्ठांनी त्याचा सत्कार केला नाही. त्यांनी त्याला एक आज्ञा केली: तुझा आत्मिक अनुभव लिहून ठेव. त्यामुळे त्या दारवानाचे शब्द आज वाचता येतात. 1888 मध्ये पोप तेराव्या लिओंनी दोघांना एकाच दिवशी संत म्हणून घोषित केले, दारवानाला आणि ज्याला त्याने वाट दाखवली त्याला.

दुसरे उदाहरण अधिक जवळच्या काळातले. क्राकोव्हमध्ये यान तिरानोव्स्की नावाचा शिंपी होता. जर्मन ताब्याच्या काळात, धर्मगुरूंची धरपकड चालू असताना, त्याने आपल्या भागातल्या तरुणांचे प्रार्थनागट सांभाळले आणि एकेकाशी स्वतंत्र बोलत राहिला. त्यांतला एक तरुण खाणीत मजुरी करत होता. त्याला या शिंप्याने क्रूसभक्त योहान या स्पॅनिश संतकवीचे लेखन वाचायला लावले. शिंपी 1947 मध्ये वारला. तो तरुण तेव्हा धर्मगुरू झाला होता. पुढे त्याने आपल्या या मार्गदर्शकावर एका पोलिश साप्ताहिकात लेख लिहिला, आणि 1978 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल झाल्यावरही तो त्याचे नाव घेत राहिला. कोणत्या समितीला सुचले असते एका शिंप्याला निवडायचे? ज्याचे ऐकले गेले त्याने सांगितले म्हणून आपल्याला कळले. मात्र तो लेख शिंप्याने वाचला नाही.

ही उशीर झाल्याची खंत खानदेशाला नवी नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात ओव्या रचत होत्या, लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एकाने त्या टिपून ठेवल्या म्हणून वाचल्या. बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरात गेल्या, कविता पुस्तकरूपाने आल्या 1952 मध्ये. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे. महाराष्ट्राने त्यांना जो मान दिला त्यातला एक शब्दही त्यांच्या कानावर पडला नाही. त्यांना त्याची गरज नव्हती, असे म्हणता येईल, आणि बहुधा नव्हतीच. पण गरज आपल्याला होती. दोन माणसांनी वही घेतली नसती तर आपण कशाला मुकलो असतो? आपल्या मंडळातले ज्येष्ठ काय जाणतात ते कुठल्याही वहीत नाही. शोकात बुडालेल्या माणसासमोर किती वेळ गप्प बसावे, मावची बोलणाऱ्या आजीला ‘देवाची जवळीक’ कशी विचारावी, अंगात येणे आणि पवित्र आत्म्याचा स्पर्श यांबद्दल गोंधळलेल्या मुलीला न घाबरवता कसे ऐकावे. हे सगळे त्यांच्याबरोबर जाईल. त्यांना शेजारी बसवून, नव्या माणसांनी प्रश्न विचारून, त्यांच्याच बोलीत ते टिपून घेणे, हा मला शालीपेक्षा मोठा मान वाटतो. तुमचे ज्ञान आम्हाला हवे आहे, असे सांगण्याचा तो मार्ग आहे.

गुप्ततेचे काय, हा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. साक्ष देणाऱ्याने स्वतःबद्दलच बोलावे, दुसऱ्या कोणाबद्दल नाही. कोणालाही बोलण्यासाठी विचारूही नये. फक्त सांगावे की अमुक दिवशी संधी आहे. ज्येष्ठांनी स्वतः काहीच सांगू नये, कोण कोण आपल्याकडे येत होते हे तर मुळीच नाही. कोणाला उभे राहून बोलायचे नसेल तर दोन ओळींची चिठ्ठी, नावाशिवाय, त्या ज्येष्ठाच्या हातात द्यावी. एखाद्या ज्येष्ठाबद्दल कोणीच बोलले नाही तर? तर तेवढा प्रसंग सोसावा लागेल, आणि म्हणून मी म्हणते की हे एका मोठ्या समारंभात सगळ्यांना ओळीने बसवून करू नये. ज्या त्या गावी, ज्याच्या त्याच्या मंडळीत, रविवारच्या उपासनेनंतर, घोंगडीवर बसून चहा घेताना व्हावे. आधी त्या व्यक्तीला विचारावे. नाना नको म्हणाले तर नको. त्यांचा नकार हाही त्यांचा हक्क आहे, आणि तो मोडून केलेला मान हा मानच नाही.

आणि मार्गदर्शन करणारेच तेवढे मोजू नयेत. ज्या मावशी एकांतसाधनेच्या तीन दिवसांत पहाटे उठून पन्नास माणसांच्या भाकरी थापत होत्या आणि त्या शांततेत भांड्याचाही आवाज होऊ देत नव्हत्या, ज्या भाऊंनी आपल्या घराची पुढची खोली वर्षानुवर्षे या भेटींसाठी रिकामी ठेवली, त्यांच्याशिवाय यातले काय झाले असते? पत्र लिहून घेणारा तर्तिय पौलाच्या यादीत आहे. आपल्या यादीत तो का नसावा?

शेवटी पैशाचे बोलायलाच हवे, कारण ते कोणी बोलत नाही. ही माणसे मोबदला घेत नव्हती. एसटीचे भाडे स्वतःच्या खिशातून, फोनचा खर्च स्वतःचा. आता त्यांतल्या काहींचे डोळे गेले आहेत, काहींना ऐकू येत नाही, आणि आयुष्यभर ऐकण्याचे काम केलेल्या माणसाला ऐकू न येणे म्हणजे काय, याचा विचार करा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीचा चांगला अधिकार चालवणाऱ्या वडीलजनांना दुप्पट मान द्या असे आहे, आणि लगेच पुढच्या ओळीत मळणीच्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नका, कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, असेही आहे. म्हणजे त्या मानात पोटापाण्याची सोय धरलेली आहे. सभागृहाचे भाडे, मंडप, फलक, जेवणावळ यांसाठी जी रक्कम धरली आहे, ती कानाच्या यंत्रांना, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांना आणि दर महिन्याच्या औषधांना वळवावी. प्रत्येक मंडळीने दोन तरुणांना नेमावे. ज्येष्ठांना दवाखान्यात नेणे, बँकेचे काम करणे, आणि महिन्यातून एकदा, तासभर, त्यांच्यासमोर बसून त्यांचे ऐकणे हे त्यांचे काम. येत्या बैठकीत मी हाच ठराव मांडणार आहे, आणि सत्काराची तारीख त्यानंतरच ठरवा असा आग्रह धरणार आहे.